सोनोग्राफी नॉर्मल आहे, मग दुर्बीण कशाला?

पत्र थोडक्यात असं: सांगली जिल्ह्यातल्या एका ताईंनी लिहिलंय. वय ४४, घरी नवरा, सासूबाई आणि बारावीतली मुलगी. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या मोठ्या भावाला, तेव्हा तो ४९ चा होता, मोठ्या आतड्याच्या अगदी शेवटच्या भागात कॅन्सर निघाला. त्याआधी जवळपास वर्षभर त्याला मूळव्याध म्हणून मलम आणि गोळ्या चालू होत्या. ऑपरेशन, केमो सगळं झालं, आता बरा आहे. त्याच्या डॉक्टरांनी सांगितलं की सख्ख्या भावंडांनी कोलोनोस्कोपी करून घ्या, म्हणजे शौचाच्या जागेतून कॅमेऱ्याची नळी घालून मोठं आतडं आतून बघतात आणि आपल्याकडे जिला दुर्बिणीची तपासणी म्हणतात ती. ताईंना ती नको वाटते, लाज आणि भीती दोन्ही. म्हणून त्यांनी हेल्थ चेकअपचं पॅकेज केलं. त्यात सोनोग्राफी नॉर्मल, सीईए नावाची रक्ताची टेस्ट नॉर्मल, फक्त हिमोग्लोबिन ९.८. न्यू जर्सीच्या नणंदेनं सांगितलं की आता 'व्हर्च्युअल कोलोनोस्कोपी' असते, नुसता सीटी स्कॅन, ओबामांनीही तीच केली होती. ताई विचारतात की त्या स्कॅनवर भागेल का, आणि दादाचा एमआरआय झाला होता तर माझा का नको? आणि मुलीची परीक्षा झाल्यावर बघितलं तर चालेल का, की दिवाळीच्या आधीच करू? पत्राच्या शेवटी कंसात एक ओळ आहे: "(मला बाळंतपणापासून मूळव्याध आहे, हल्ली चार-पाच महिने अधूनमधून रक्त पडतं, पण ते जुनंच आहे.)"

ताई,

मी रेडिओलॉजिस्ट आहे, उभं आयुष्य काळोख्या खोलीत स्क्रीनसमोर बसून लोकांच्या पोटाचे फोटो वाचण्यात गेलं, त्यामुळे स्कॅनवर माझा जीव आहे आणि तुम्ही स्कॅनबद्दल विचारलंत त्याचं मला बरंच वाटलं. पण तुमच्या दोन पानी पत्रात माझ्यासाठी सगळ्यात महत्त्वाची ओळ तुम्ही कंसात टाकलीत, म्हणून आधी त्या कंसाबद्दल बोलते, मग सोनोग्राफी, सीटी, एमआरआय सगळ्याबद्दल सविस्तर सांगते.

चार-पाच महिने रक्त पडतंय. ते मूळव्याधीचंच असेल, ही शक्यता मोठी आहे हो, तुमच्या वयाच्या कितीतरी बायकांना बाळंतपणानंतर तो त्रास असतो. पण ते मूळव्याधीचंच आहे हे ठरवलं कोणी? कोणा डॉक्टरांनी तपासून सांगितलंय का, की वीस वर्षांपूर्वी कोणी सांगितलं होतं तेच आपण अजून धरून बसलोय? दादालाही वर्षभर मूळव्याधच होती ना. मी तुम्हाला घाबरवायला हे लिहीत नाहीये, पण तुमच्याच घरात ही गोष्ट एकदा घडून गेलीय आणि ती तुम्हीच मला पहिल्या पानावर लिहून कळवलीय. मूळव्याध असणं आणि आतड्यात वर काही असणं ही दोन्ही एकाच माणसात एकाच वेळी असू शकतं, एक आहे म्हणून दुसरं नाही असं काही नसतं. आणि हिमोग्लोबिन ९.८ आलंय ते तुम्ही "बायकांचं असतंच" म्हणून सोडून दिलंय. पाळीत जास्त जात असेल तर असतंही, पण रक्त पडतंय, हिमोग्लोबिन कमी आहे आणि सख्ख्या भावाला पन्नाशीच्या आत कॅन्सर, या तिन्ही गोष्टी एका कागदावर एकाखाली एक लिहा आणि कुठल्याही डॉक्टरांना दाखवा, ते तुम्हाला एकच उत्तर देतील.

याचा अर्थ काय, तर तुमचा प्रश्न आता स्क्रीनिंगचा राहिलेला नाही. स्क्रीनिंग म्हणजे ज्याला काहीच त्रास नाही, खाऊनपिऊन ठणठणीत आहे, अशा माणसाला चाळणीतून काढून बघणं. त्याच्यासाठी बरेच पर्याय असतात, त्यात निवड करायला वाव असतो. तुम्हाला त्रास आहे, तेव्हा तुमची तपासणी ही रक्त कुठून येतंय ते शोधायची तपासणी आहे, आणि तिथे निवड बरीच कमी होते. हा फरक पत्र लिहिणाऱ्या बहुतेकांच्या लक्षात येत नाही, म्हणून मी इतका वेळ इथे थांबले.

आता सोनोग्राफी. पोटाची सोनोग्राफी नॉर्मल म्हणजे पोट नॉर्मल, असं आपल्याकडे अगदी पक्कं समीकरण झालंय, रिपोर्ट फाईलला लावला की माणूस वर्षभर निश्चिंत. सोनोग्राफी आवाजाच्या लहरींवर चालते, आणि या लहरी हवेतून पलीकडे जात नाहीत, हवा आली की तिथेच परत फिरतात. मोठं आतडं म्हणजे काय, गॅस आणि मळ. त्यामुळे लिव्हर, पित्ताशय, किडनी, गर्भाशय हे सगळं सोनोग्राफीत छान दिसतं आणि आतड्याच्या आतल्या अस्तरावर एक सेंटीमीटरचा पॉलिप, म्हणजे मांसाचा छोटा कोंब, असेल तर तो दिसेल अशी अपेक्षाच कोणी ठेवत नाही. तुमच्या रिपोर्टमध्ये बघा, शेवटी कुठेतरी 'आतड्यातल्या गॅसमुळे नीट दिसत नाही' अशा अर्थाची ओळ बहुतेक सापडेल. आम्ही ती लिहितो आणि कोणी वाचत नाही. म्हणजे तुमची सोनोग्राफी खोटी नाही, पण तिला हा प्रश्न विचारलेलाच नव्हता.

सीईएचं थोडक्यात सांगते. दादाची ही टेस्ट दर काही महिन्यांनी करत असतील, कारण ऑपरेशन झालेल्या माणसात आजार परत डोकं वर काढतोय का ते बघायला तिचा उपयोग होतो. ज्याला आजार आहे की नाही हेच माहीत नाही त्याच्यात सुरुवातीचा कॅन्सर शोधायला ती कामाची नाही, सुरुवातीला ती कितीतरी लोकांत नॉर्मलच असते. तरी पॅकेजमध्ये असते, आणि नॉर्मल आली की लोक सुटकेचा श्वास सोडतात, याचं मला फार वाईट वाटतं.

आणि एमआरआय. दादाचा कॅन्सर आधीच सापडला होता, तुकडा तपासून पक्का झाला होता, त्यानंतर तो भिंतीत किती खोल गेलाय, आजूबाजूच्या गाठींत गेलाय का, ऑपरेशन आधी करायचं की रेडिएशन, हे ठरवायला तो एमआरआय होता. म्हणजे ती नंतरची पायरी. एमआरआयवर आतडं तपासायची पद्धत आहे, पण स्क्रीनिंगसाठी ती नेहमीच्या वापरात नाही. त्यामुळे 'दादाचं केलं ते माझं करा' हे इथे लागू होत नाही.

आता तुमच्या नणंदबाईंच्या व्हर्च्युअल कोलोनोस्कोपीकडे येते. त्यांनी सांगितलं ते चूक नाही. तिचं दुसरं नाव सीटी कोलोनोग्राफी. १९९४ मध्ये अमेरिकेत डेव्हिड व्हायनिंग नावाच्या रेडिओलॉजिस्टनी ती पहिल्यांदा मांडून दाखवली, आज ती मान्यता असलेली पद्धत आहे आणि काही त्रास नसलेल्या माणसानं दर ५ वर्षांनी ती करावी असं अमेरिकेतल्या मार्गदर्शक सूचनांत आहे. पण "नुसता सीटी स्कॅन" हे मात्र खरं नाही, कारण ती कशी होते ते कळलं की तुम्ही ज्या दोन-तीन गोष्टी टाळायला बघताय त्यातल्या बऱ्याच इथेही आहेत हे कळेल.

आदल्या दिवशी पोट साफ करायची पावडर पाण्यात कालवून प्यायची ती इथेही आहे, सुटका नाही. वर अजून एक औषध प्यायला देतात, आत राहिलेला मळ आणि पाणी स्कॅनमध्ये पांढरं दिसावं म्हणून, म्हणजे मळ कुठला आणि मांस कुठलं ते ओळखू येतं. टेबलावर झोपलात की शौचाच्या जागी एक बारीक मऊ नळी घालतात आणि तिच्यातून कार्बन डायऑक्साइड किंवा साधी हवा भरतात, कारण चिकटलेलं आतडं फुगल्याशिवाय आतलं काही दिसत नाही. तेव्हा पोट गच्च होतं, कळ येते, आणि हे सगळं तुम्ही पूर्ण जाग्या असताना, कारण इथे भूल देत नाहीत. मग श्वास रोखा म्हणतात, टेबल सरकतं, काही सेकंदांत एक स्कॅन. मग पालथं झोपायचं आणि पुन्हा तसंच. सगळं मिळून पंधरा-वीस मिनिटं.

दोनदा का, तर ही माझ्या आवडीची गोष्ट आहे म्हणून सांगते. स्क्रीनवर आतडं उघडलं की एखाद्या लांब बोगद्यातून चालल्यासारखं दिसतं, दोन्ही बाजूंनी वळ्या, आणि मध्येच एखाद्या वळीवर शर्टाच्या बटणाएवढा उंचवटा दिसतो. तो पॉलिप आहे की राहिलेला मळाचा खडा? उताणं झोपलेल्या स्कॅनमध्ये तो पाठीच्या बाजूला आहे, आणि पालथं झोपलेल्या स्कॅनमध्ये तो घरंगळून पोटाच्या बाजूला आला, तर बहुतेक मळच. जागचा हलला नाही, तर मी खुर्चीत सरळ होऊन बसते. एकदा एका बाईंच्या स्कॅनमध्ये असा उंचवटा जागेवरच राहिला, मी रिपोर्टमध्ये लिहिलं ९ मिलिमीटर, त्यांची नंतर दुर्बीण झाली, तो पॉलिप तिथल्या तिथे काढला आणि कागदावर आलं की कॅन्सर नाही पण पुढे होऊ शकला असता. त्या बाई मला भेटायला आल्या तेव्हा त्यांची एकच तक्रार होती, दोनदा पावडर का प्यायला लावली. रास्त तक्रार आहे. स्कॅनला दिसतं, पण स्कॅनला हात नाहीत. सापडलं तर काढायला दुर्बीणच लागते, तुकडा घ्यायचा तरी दुर्बीणच.

दिसतं किती तर चांगलं दिसतं, त्यात मी स्कॅनची बाजू घेईन. अमेरिकेत २००३ साली १,२३३ लोकांची एकाच दिवशी आधी सीटी आणि मग दुर्बीण अशी तपासणी केली, तर एक सेंटीमीटर किंवा त्याहून मोठे, पुढे कॅन्सर होऊ शकणारे पॉलिप ज्यांच्यात होते अशा १०० जणांमागे सुमारे ९४ सीटीनं ओळखले. दुर्बिणीच्या तोडीस तोड. पण आकार लहान होत गेला की सीटीची नजर कमी पडते, आणि ५ मिलिमीटरपर्यंतचे बारीक पॉलिप तर आम्ही रिपोर्टमध्ये लिहीतही नाही, कारण त्यातून लगेच काही व्हायची शक्यता फार कमी. चपटे, भिंतीला चिकटून पसरलेले पॉलिपही सीटीत हुकू शकतात. ओबामांचं म्हणाल तर खरं आहे, २०१० मध्ये त्यांनी व्हर्च्युअलच केली, वय ४८, अंगाला काही त्रास नाही. त्यात भूल लागत नाही, आणि राष्ट्राध्यक्षाला भूल दिली की अधिकार दुसऱ्याकडे सोपवावे लागतात. २०२१ मध्ये बायडन यांनी खरी कोलोनोस्कोपी केली तेव्हा सुमारे दीड तास अधिकार कमला हॅरिस यांच्याकडे होते, आणि त्या तपासणीत बायडन यांचा ३ मिलिमीटरचा एक पॉलिप निघाला, तिथेच काढून टाकला. तो सीटीच्या रिपोर्टमध्ये आलाच नसता. तुम्हाला अधिकार कोणाकडे सोपवायचे नाहीयेत ताई, तुम्हाला रक्त पडतंय. ओबामांना पडत नव्हतं.

लाजेबद्दल बोलूया, कारण पत्रात तुम्ही तीन वेळा 'तसली तपासणी' असं लिहिलंय. मला ही लाज कळते, मीही याच मातीतली बाई आहे. पण बघा, स्कॅनमध्ये नळी तिथेच जाते, आणि तुम्ही जाग्या असता. दुर्बिणीत भूल किंवा गुंगी असते, बहुतेकांना आत गेल्याचंही आठवत नाही, उठतात आणि विचारतात झाली का. नेदरलँड्समध्ये २०१२ च्या सुमाराला असा मोठा अभ्यास झाला, लोकांना चिठ्ठ्या टाकल्यासारखं दोन गटांत वाटलं, एका गटाला सीटी, एकाला दुर्बीण. आधी विचारलं तर लोकांना दुर्बीण जास्त त्रासाची वाटत होती. झाल्यावर विचारलं तर सीटी झालेल्यांनी जास्त त्रास झाल्याचं सांगितलं. मला हे वाचून नवल वाटलं नाही, हवा भरताना मी लोकांचे चेहरे पाहिलेत. अर्थात बोलावल्यावर तपासणीला आलेले लोक सीटीच्या गटात जास्त होते, १०० पैकी ३४, दुर्बिणीच्या गटात २२, म्हणजे आपण घाबरतो ते नावाला, आणि त्या भीतीपोटी तपासणीच टाळतो. तुम्ही अपॉइंटमेंट घेताना सरळ सांगा, मला लेडी डॉक्टर हव्यात, नसतील तर आत लेडी नर्स हवी, आणि मागून चीर असलेली चड्डी मिळते ती द्या. यात मागायला लाजण्यासारखं काही नाही, रोज मागतात.

मग तुमच्यासारख्या रक्त पडणाऱ्या माणसाला सीटी चालतच नाही का? चालते, मी खोटं कशाला सांगू. ब्रिटनमध्ये याच प्रश्नावर मोठा अभ्यास झाला, २०१३ मध्ये छापून आला, त्यात आतड्याचा त्रास असलेले ५५ च्या पुढचे लोक होते. कॅन्सर आणि मोठे पॉलिप शोधण्यात दोन्ही पद्धती जवळपास सारख्या निघाल्या. पण सीटी झालेल्यांपैकी ३० टक्के लोकांना पुढे आतड्याची आणखी तपासणी लागली, दुर्बीण झालेल्यांपैकी फक्त ८ टक्क्यांना. तुमच्यात तर रक्त पडतंय, म्हणजे कारण शोधायचंय, आणि मूळव्याध, भेग, आतल्या अस्तराची सूज, या गोष्टी स्कॅनवर नीट दिसत नाहीत. स्कॅन स्वच्छ आला तरी रक्त कुठून येतंय हा प्रश्न तिथेच राहणार. शिवाय भावाला ४९ व्या वर्षी कॅन्सर, अशा घरात दुर्बीणच पहिली सांगतात, वयाच्या ४० व्या वर्षी किंवा घरातल्या सगळ्यात लहान वयाच्या पेशंटच्या वयातून १० वजा करून, जे आधी येईल तेव्हा. तुमचा हिशोब ३९ चा येतो. तुम्ही ४४ च्या आहात. आणि काही नाही निघालं तरी साधारण दर ५ वर्षांनी परत. म्हणून माझं मत विचाराल तर सीटीचा विचार बाजूला ठेवा, दुर्बीण करा, एकाच पावडरीत काम होईल.

पण हे उत्तर तुमचं झालं. हे वाचणाऱ्या इतर लोकांत असे असतील की ज्यांच्या घरात कोणाला नाही, रक्त नाही, वजन कमी होत नाही, शौचाच्या सवयी बदललेल्या नाहीत, फक्त पन्नाशी आलीय आणि काळजी वाटते. अमेरिकेत अशा लोकांना २०२१ पासून ४५ व्या वर्षी तपासणी सुरू करायला सांगतात. आपल्याकडे सरकारी तपासणी मोहिमेत तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख यांचे कॅन्सर आहेत, आतड्याचा नाही, आपल्याकडे त्याचं प्रमाणही पाश्चात्य देशांपेक्षा कमी आहे, त्यामुळे आपल्या डॉक्टरांशी बोलूनच ठरवा. अशांनी शौचाच्या नमुन्यातलं न दिसणारं रक्त शोधणारी साधी टेस्ट दरवर्षी केली तरी चालते, त्याला पावडर लागत नाही, काही लागत नाही. सीटी कोलोनोग्राफी अशांना चांगली, किंवा ज्यांना हृदयाच्या वगैरे कारणानं भूल देणं धोक्याचं आहे त्यांना. आणि एक फार मोलाचा उपयोग म्हणजे दुर्बीण अर्ध्यात अडली तर. जुन्या ऑपरेशनमुळे आतडं चिकटलेलं असतं, किंवा वेडंवाकडं लांबलेलं, दुर्बीण पुढे जातच नाही, तेव्हा उरलेलं आतडं आम्ही सीटीवर बघून देतो.

फक्त सेंटरला फोन केलात तर नीट विचारा. आपल्याकडे ही तपासणी थोड्याच ठिकाणी होते आणि 'पोटाचा सीटी' म्हणून भलताच स्कॅन होऊन जातो. तुम्ही आदल्या दिवशी पोट साफ करून घेता का, हवा भरता का, उताणं आणि पालथं दोन्ही करता का, आणि रिपोर्ट वाचणाऱ्या डॉक्टरांना याचीच सवय आहे का. पहिल्या तीनपैकी एकालाही 'नाही' असं उत्तर आलं तर ती सीटी कोलोनोग्राफी नव्हेच. आणि हे आधी मनात धरा की सीटीत आतड्याबाहेरचंही सगळं दिसतं, किडनीवर फोड, फुप्फुसात बारीक ठिपका, आणि मग त्याच्या मागे धावत चार तपासण्या होतात, त्यातल्या बऱ्याच निष्फळ. रेडिएशन असतं पण डोस कमी ठेवतात, निसर्गातून वर्ष-दोन वर्षांत आपल्याला मिळतं साधारण तेवढं. त्यासाठी घाबरून टाळू नका, पण गरोदर असाल तर करू नका.

कोणी बेरियमचा एनिमा देऊन एक्स-रे काढा म्हटलं तर नको म्हणा. माझ्या शिकण्याच्या काळात तेच होतं, आम्ही तासन्‌तास त्या पांढऱ्या फिल्म बघत बसायचो. २००० साली अमेरिकेतल्या एका अभ्यासात दिसलं की त्यात एक सेंटीमीटरहून मोठ्या पॉलिपपैकीही निम्मेच सापडतात. गिळायची कॅमेऱ्याची गोळी पण असते, दोन्ही टोकांना कॅमेरा, पण तिला पोट अजूनच जास्त साफ लागतं आणि सापडलं तर पुन्हा दुर्बीणच.

तर ताई, करायचं काय. या आठवड्यात गॅस्ट्रोएन्टरॉलॉजिस्टकडे, म्हणजे पोटाच्या आजारांच्या डॉक्टरांकडे, किंवा पोटाच्या सर्जनकडे जा, दादाची फाईल घेऊन. आधी ते बोटानं आणि छोट्या नळीनं खालची जागा तपासतील, दोन-चार मिनिटांचं काम आहे, त्याला नाही म्हणू नका, शेवटच्या भागातलं बरंच तिथेच कळतं. दादाच्या फाईलमध्ये तुकड्याचा रिपोर्ट असेल, त्यावर एमएमआर नावाची चार प्रोटीनची टेस्ट झालीय का ते विचारा. कमी वयातला आतड्याचा कॅन्सर काही घरांत आनुवंशिक असतो, तसं असलं तर दुर्बीण वर्षा-दोन वर्षांनी करावी लागते आणि बायकांना गर्भाशयाकडेही लक्ष ठेवावं लागतं. आत्या, मावशी, आजी, कोणाला गर्भाशयाचा किंवा आतड्याचा कॅन्सर होता का, हे तुमच्या आईला आजच विचारून एका कागदावर लिहून ठेवा. आपल्या घरांत हे कोणी उघड बोलत नाही, 'पोटाचं काहीतरी झालं होतं' एवढंच असतं.

दुर्बिणीच्या तयारीचं सांगते कारण सगळी तपासणी त्यावर उभी आहे, पोट साफ नसेल तर दुर्बिणीलाही दिसत नाही. दोन-तीन दिवस आधीपासून पालेभाजी, भाकरी, तीळ, शेंगदाण्याची चटणी, पेरू आणि टोमॅटोच्या बिया बंद, मऊ भात आणि वरण खा. लोहाच्या गोळ्या चालू असतील, हिमोग्लोबिनसाठी देतातच, तर डॉक्टरांना विचारून साधारण आठवडाभर आधी थांबवा, त्यानं मळ काळा आणि चिकट होतो. रक्त पातळ करायच्या किंवा शुगरच्या गोळ्या असतील तर आपल्या मनानं बंद करू नका, विचारा. आदल्या दिवशी फक्त आरपार दिसेल असं पातळ, शहाळ्याचं पाणी, गाळलेलं लिंबूपाणी, कोरा चहा. ताक चालेल का असं सगळे विचारतात, नाही चालत. पावडरीचं पाणी गार करून प्या, एकदम नको, अर्धं आदल्या संध्याकाळी आणि अर्धं पहाटे, असं सांगितलं असेल तर तसंच करा, पहाटेचं टाळू नका. शेवटी शौचाला पिवळट स्वच्छ पाणी यायला लागलं की झालं. घरी त्या दिवशी एक बाथरूम तुमचं एकटीचं, हे सासूबाईंना आधीच सांगून ठेवा. सोबत कोणीतरी हवंच, भूल असते म्हणून त्या दिवशी गाडी चालवायची नाही.

धोका आहे का, तर आहे, आतड्याला भोक पडणं हे साधारण १०,००० तपासण्यांत ३ वेळा घडतं, पॉलिप काढला तर रक्त येऊ शकतं. नंतर पोट खूप दुखलं, ताप आला, रक्त थांबेना, तर फोनवर विचारत बसू नका, लगेच जा. हा धोका खरा आहे पण लहान आहे, आणि तुमच्या बाबतीत न बघण्याचा धोका मला त्याहून फार मोठा दिसतो.

एक गोष्ट तुम्ही लिहिली नाहीत पण मला ओळींमधून दिसली. दुर्बिणीची भीती तुम्हाला आहेच, पण त्याहून मोठी भीती आहे ती 'निघालं तर' याची, मुलीची बारावी, सासूबाईंचं वय, दादाचं सगळं आत्ताच उरकलंय. पॉलिपचा कॅन्सर व्हायला साधारण १० वर्षं लागतात, म्हणजे आत काही असलंच तरी ते कॅन्सर व्हायच्या आधीच हाती लागायची चांगली शक्यता आहे, आणि पॉलिप असला तर तो त्याच दिवशी, त्याच भुलेत निघून जातो. मुलीला परीक्षेच्या आधी काही सांगू नका वाटत असेल तर नका सांगू, एका दिवसाचं काम आहे. पण दादाला सांगा. त्याला सोबत न्या. बघा, त्याच्याइतकं हे कोणालाच माहीत नाही, पावडर कशी प्यायची तेही तोच तुम्हाला सांगेल.

आणि तुमचा शेवटचा प्रश्न, दिवाळीच्या आधी की परीक्षेनंतर. आधी. फराळाच्या गडबडीला अजून तीन आठवडे आहेत, त्याच्या आतली तारीख घ्या. तारीख ठरली की मला दोन ओळी लिहा, आणि काय निघालं तेही लिहा, मी वाट बघतेय.